‘पैगंबरवासी’: एका शब्दाची तपासणी

आदिलाबाद शहरात निधनाचे फलक तीन लिप्यांत लागतात. तेलुगू फलकावर नावाआधी ‘की. शे.’ असतं, म्हणजे कीर्तिशेषुलु: माणूस गेला, कीर्ती मागे उरली. उर्दू फलकावर ‘मरहूम’ असतं, बाई असेल तर ‘मरहूमा’. मराठी फलकावर हिंदू माणूस ‘कै.’ होतो आणि मुसलमान माणूस ‘पैगंबरवासी’. बेला, जैनथ, तामसी या मराठी बोलणाऱ्या पट्ट्यात आणि पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळ–नांदेडकडे हा शब्द इतका रुळलाय की कुणाला तो खटकत नाही. संक्षेपात ‘पै.’ लिहिला तर पैलवान वाचला जातो, एवढीच काय ती अडचण.

आपलं मंडळ जुन्या माणसांच्या आठवणी उतरवून घेतं. गावचा मुतवल्ली, पिंजारी, मोट बांधणारा, शाळेतला उर्दूचा मास्तर, यांच्यावर टिपण लिहिताना नावाआधी काय लावायचं हा प्रश्न दर वेळी येतो. मी मुसलमान घरातला. घरात दखनी, शाळेत मराठी, बाजारात तेलुगू. तिन्हीकडचे शब्द कानावर असल्यामुळे ‘पैगंबरवासी’ची नीट तपासणी करावी असं बरेच दिवस मनात होतं. तपासणी म्हंजे भांडण नव्हे. हा शब्द आदरानं लावला जातो हे मला ठाऊक आहे. पण आदराचा शब्द बरोबर असतोच असं नाही, आणि इतिहास लिहिणाऱ्यानं तो बरोबर आहे का हे बघायला पाहिजे.

शब्दाची घडण

कैलासवासी, वैकुंठवासी, स्वर्गवासी या ओळीत बसवून हा शब्द तयार झालाय. ‘ख्रिस्तवासी’ही त्याच साच्यातला. साच्याचा अर्थ असा, की मेलेला माणूस आता अमुक ठिकाणी राहतो. शैवाचा कैलास, वैष्णवाचा वैकुंठ, मग मुसलमानाचं काय? तर पैगंबर. म्हणजे शब्द करणाऱ्यानं कैलासाच्या जागी पैगंबर ठेवला, एका स्थळाच्या जागी एक माणूस.

इथेच पहिली अडचण येते. इस्लाममध्ये पैगंबर हे मेलेल्यांचं निवासस्थान नाही आणि मेलेल्यांचा मालकही नाही. कुणाच्या मौतीची खबर आली की मुसलमान माणूस ‘इन्ना लिल्लाह’ म्हणतो. ते सूरह बकरामधल्या १५६ व्या आयतीतलं वाक्य आहे आणि त्याचा आशय असा, की आपण अल्लाहचे आहोत आणि त्याच्याकडेच परतणार आहोत. त्यात पैगंबरांचं नाव नाही. उलट सूरह आल-इम्रानच्या १४४ व्या आयतीत सांगितलंय, की मुहम्मद हे फक्त एक प्रेषित आहेत, त्यांच्या आधीचे प्रेषित होऊन गेले, ते मेले किंवा मारले गेले तर तुम्ही मागे फिरणार काय? सन ६३२ मध्ये मदिनेत पैगंबर वारले तेव्हा हजरत उमर यांना ते पटेना. तेव्हा हजरत अबू बक्र यांनी हीच आयत वाचली आणि लोकांना सांगितलं, की जो मुहम्मदांची इबादत करत असेल त्यानं समजून घ्यावं, मुहम्मद वारले. जो अल्लाहची करत असेल त्यानं समजून घ्यावं, अल्लाह मरत नाही. मुसलमानांच्या इतिहासातला हा सगळ्यात कठीण दिवस. त्या दिवशी जी गोष्ट एवढ्या कष्टानं स्पष्ट केली गेली, नेमकी तीच ‘पैगंबरवासी’ हा शब्द पुसट करतो.

उस्मान बिन मजऊन यांची गोष्ट

दुसरी अडचण ‘वासी’ या शब्दाची. ती समजायला सहीह बुखारीतली एक हकीकत उपयोगी पडते. मक्केहून मदिनेला गेलेल्यांपैकी उस्मान बिन मजऊन हे तिथे वारलेले पहिले मुहाजिर मानले जातात. ज्या घरात ते उतरले होते, त्या घरातल्या उम्म अल-अला या बाईंनी त्यांच्या मय्यतीजवळ उभं राहून म्हटलं, की अल्लाहनं तुमचा सन्मान केला याची मी साक्ष देते. पैगंबर तिथेच होते. त्यांनी विचारलं, तुम्हाला कसं कळलं? मी याच्यासाठी भल्याची उमेद धरतो, पण मी अल्लाहचा रसूल असूनही माझ्या बाबतीत काय होईल ते मला ठाऊक नाही.

ही फटकार नाही. त्या बाईंनी त्यांची सेवा केली होती, दुःखात त्या बोलल्या होत्या. पण हद्द आखून दिली गेली: उमेद धरा, दाखला देऊ नका. मेलेला कुठे आहे हे जिवंत माणूस ठरवत नाही. मधला मुक्काम बरजख, नंतर कयामत, नंतर हिसाब, हा सगळा क्रम आपल्या हातातला नाही. ‘मरहूम’ या शब्दात ही हद्द पाळलेली दिसते. त्याचा अर्थ ज्याच्यावर रहम झाला तो. पण लोक तो दुआ म्हणून उच्चारतात, अल्लाह रहम करो अशा भावानं. ‘वासी’ मात्र पत्ता देतो. अमुक गृहस्थ अमुक ठिकाणी राहायला गेले, विषय संपला.

माझ्या मते मराठी शब्द आणि मुसलमानी समजूत यांच्यातलं खरं अंतर इथे आहे. दुःखातल्या माणसाला मेलेल्याचा पत्ता हवा असतो. धर्मग्रंथ तो देत नाही. तेवढंच नाही, सूरह लुकमानच्या शेवटच्या आयतीत म्हटलंय की आपण कोणत्या भूमीत मरणार हेसुद्धा कुठल्या जिवाला ठाऊक नसतं. आदिलाबादसारख्या जिल्ह्यात, जिथली पोरं कामासाठी हैदराबादला, नागपूरला, आखाती देशात जातात, ही आयत घरोघरी कळते. तिला टीका लागत नाही.

मय्यतीत काय करतात

धर्मग्रंथ माणसाला मरण कसं शिकवतो हे पुस्तकापेक्षा मय्यतीत लवकर दिसतं. गुस्ल, कफन, जनाजा, दफन, सगळं होईल तेवढं लवकर. पुरुषाला तीन कपडे, बाईला पाच, दोन्ही पांढरे, न शिवलेले किंवा नावापुरते शिवलेले. जनाजाच्या नमाजेत रुकू नाही, सजदा नाही. उभ्यानं चार तकबीर. तिच्यातल्या दुआत माफी मागतात ती जिवंतांची आणि मेलेल्यांची, हजर असलेल्यांची आणि नसलेल्यांची, लहानांची आणि मोठ्यांची, सगळ्यांची एका दमात. मेलेला वेगळा काढलेला नाही. ही नमाज फर्ज-ए-किफाया आहे: गावातल्या काहींनी पढली तर सगळ्यांची जबाबदारी उतरते, कुणीच नाही पढली तर सगळं गाव जबाबदार. मरण ही घरची खासगी बाब राहत नाही.

मग मिट्टी देणं. प्रत्येक जण तीन मुठी माती टाकतो. त्या वेळी जी आयत पढतात ती सूरह ताहाची ५५ वी. आशय असा की याच मातीतून तुम्हाला घडवलं, हिच्यातच परत नेऊ आणि हिच्यातूनच पुन्हा काढू. तीन मुठींना तीन वाक्यं. माती इथे शेवट म्हणून येत नाही, मधला टप्पा म्हणून येते.

आणि एक गोष्ट, जिच्याकडे आमच्या हिंदू मित्रांचं लक्ष सहसा जात नाही, जरी ते तिथे उभे असतात. मय्यत उचलण्याआधी मुलगा किंवा भाऊ पुढे येऊन सांगतो: मय्यतीकडे कुणाचं काही देणं निघत असेल तर माझ्याकडे मागा, नाही तर माफ करा. सूरह निसाच्या ११ आणि १२ या आयतींत वारसांचे हिस्से सांगताना पुन्हा पुन्हा बजावलंय, की वसियत आणि कर्ज आधी, वाटणी नंतर. आपला मुलूख कापसाचा. हंगामात शेतकरी अडत्याकडून उचल घेतो, दुकानातून खत-बियाणं उधार आणतो. त्यामुळे जनाजाला आलेल्यांत देणेकरी हमखास असतो आणि बहुतेकदा तो मुसलमान नसतो. म्हंजे बघा, मुसलमानाच्या मरणातला एक महत्त्वाचा विधी शेजारच्या हिंदूशिवाय पुरा होत नाही. ‘सलोखा’ या विषयावर आपण बरंच ऐकतो. हा सलोखा वहीतला आहे, आणि म्हणून जास्त भरवशाचा आहे.

यातलं काहीच ‘पैगंबरवासी’ या शब्दात येत नाही. हिसाब येत नाही, माती येत नाही, दुआ येत नाही.

बादशहांचे शब्द

इथे दुसऱ्या बाजूचा पुरावाही मांडला पाहिजे. ‘वासी’ची खोड फक्त मराठीची आहे असं म्हणणं खोटं ठरेल. मोगल दरबारानं मेलेल्या बादशहांना जी नावं दिली ती बघा: बाबर फिर्दोस-मकानी, हुमायून जन्नत-आशियानी, अकबर अर्श-आशियानी, जहांगीर जन्नत-मकानी. ‘मकानी’ म्हणजे सरळ ‘वासी’च. औरंगजेब १७०७ मध्ये वारला, त्याला ‘खुल्द-मकान’ म्हटलं गेलं. खुल्द म्हणजे कायमची जन्नत. त्यावरूनच रौझा या गावाचं नाव खुलदाबाद पडलं. आजही उर्दू फलकांवर ‘जन्नतनशीन’ लिहिलेलं दिसतं. उम्म अल-अला यांनी जे म्हटलं तेच माणसं चौदाशे वर्षं म्हणत आली आहेत.

पण दोन फरक लक्षात घ्या. एक, या सगळ्या नावांत ठिकाण आहे ते जन्नत किंवा अर्श, पैगंबर कुठेच नाही. दरबारी खुशामतीलाही ही हद्द ठाऊक होती. दोन, ज्याला एवढं भरजरी नाव मिळालं त्या औरंगजेबाची कबर खुलदाबादला उघड्या आभाळाखाली, साध्या मातीची आहे. भोवतीची संगमरवरी जाळी फार नंतरची. नाव दरबाराच्या रिवाजाचं, कबर शरियतच्या. एकाच माणसाच्या मरणात दोन आवाज ऐकू येतात. इतिहासकारानं दोन्ही नोंदवायचे असतात.

मराठीतले तीन मुसलमान

मराठी वाचकाला मुसलमानाच्या मरणाची ओळख मुख्यतः संतवाङ्मयातून झाली. आपल्याच जुन्या हैदराबाद संस्थानातल्या कल्याणीकडचे शहा मुंतोजी बहामनी हे त्यातलं एक नाव. परंपरा त्यांना बहमनी राजघराण्यातले आणि सहजानंदांचे शिष्य मानते. त्यांनी मराठीत ‘सिद्धसंकेतप्रबंध’ लिहिला. गुरुमार्गात त्यांचं नाव पडलं मृत्युंजय. दुसरे श्रीगोंद्याचे शेख महंमद, चांद बोधल्यांच्या परंपरेतले. त्यांचा ‘योगसंग्राम’ १६४५ चा, अठरा प्रसंगांचा. त्यात जिवाची लढाई बाहेरच्या शत्रूशी नाही, आतल्या विकारांशी आहे. या दोघांनाही मरण हे जिवंतपणीच ओलांडायची गोष्ट वाटते. सूफी आणि योगी इथे हातात हात घालून चालतात. वलीच्या पुण्यतिथीला उरूस म्हणतात, उरूस म्हणजे लग्न. त्याच्या मरणाला विसाल, म्हणजे मिलन.

मराठीनं ही बाजू आवडीनं उचलली, कारण ती भक्तीच्या जवळची होती. सेतुमाधवराव पगडी हे या संदर्भात आपल्या जिल्ह्याच्या आठवणीतले. त्यांनी इथे अधिकारी म्हणून काम केलं, इथल्या गोंडांवर पुस्तक लिहिलं, आणि ‘सूफी संप्रदाय’ लिहून मराठी वाचकाला त्या दुनियेची ओळख करून दिली. हे ऋण मोठं आहे. तरी माझी एक तक्रार मराठी लेखनाच्या एकूण प्रवाहाबद्दल आहे: वलीचं मरण आपण वाचलं, पिंजाऱ्याचं वाचलं नाही. विसाल आणि उरूस हे शब्द दर्ग्यातल्या बुजुर्गासाठी आहेत. मोट बांधणारा हुसेनचाचा वारला तर त्याचं मिलन झालं असं त्याची बायकोही म्हणत नाही. ती चार महिने दहा दिवसांची इद्दत धरते, तिसऱ्या दिवशी जियारत होते, चाळीसाव्याला चहलुम, आणि कुणाचं काय देणं आहे ते मुलं बघतात. सामान्य मुसलमानाचं मरण हे भीती, उमेद आणि हिसाब यांचं असतं. मराठीत त्याला शब्द मिळाला नाही, म्हणून ‘पैगंबरवासी’वर भागवलं गेलं.

तिसरे हमीद दलवाई. मिरजोळीचे, ‘इंधन’ कादंबरीचे लेखक, १९७० मध्ये मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन करणारे. ३ मे १९७७ रोजी ते वारले आणि त्यांच्या इच्छेप्रमाणे कुठल्याही धर्मविधीशिवाय त्यांचं दहन झालं. पुष्कळ मुसलमानांना ते दुखलं, आजही दुखतं. मी इथे निवाडा देत नाही. एवढंच सांगतो, की दलवाईंनी आपला नकार नोंदवायला जी जागा निवडली ती दफनाची होती. ग्रंथाची पकड मुसलमानाच्या आयुष्यावर कुठे सर्वांत घट्ट आहे हे त्यांना अचूक माहीत होतं. त्यांना कुणी ‘पैगंबरवासी’ म्हटलं तर? तो त्यांचाही अपमान आणि श्रद्धावंताचाही. नावावरून जात-धर्म ओळखून आपोआप लावायचा शब्द अशा ठिकाणी उघडा पडतो.

दगड नसलेलं कबरस्तान

आता आपल्या कामाशी थेट संबंध असलेली गोष्ट. कबर पक्की करू नये, तिच्यावर बांधकाम करू नये, असा मनाई करणारा आदेश हदीसमध्ये आहे. त्यामुळे आपल्याकडच्या कबरस्तानात बहुतेक कबरी मातीच्या, डोक्याशी एखादा धोंडा, नाव नाही. चार पावसाळ्यांत उंचवटा सपाट होतो. स्थानिक इतिहासाचा अभ्यासक शिलालेख शोधत जातो, त्याला दर्ग्यावर काही सापडतं, कबरस्तानात काही सापडत नाही. मग तो लिहितो, इथल्या सामान्य मुसलमान समाजाची जुनी साधनं उपलब्ध नाहीत.

ही साधनांची उणीव नव्हे. ही एका श्रद्धेची खूण आहे. दगडावर नाव नसणं हाच तिथला लेख आहे. आणि हा नियम कोरडा नाही. ज्या उस्मान बिन मजऊन यांच्याबद्दल पैगंबरांनी दाखला देऊ दिला नाही, त्यांच्याच कबरीच्या डोक्याशी त्यांनी स्वतः एक दगड आणून ठेवला, माझ्या भावाची कबर मला ओळखू यावी म्हणून, असं अबू दाऊद यांच्या संग्रहात आहे. दाखला नाही, पण खूण आहे. पक्कं बांधकाम नाही, पण विसरही नाही. आमच्या कबरस्तानातला धोंडा त्याच दगडाचा वारस.

मग माहिती कुठे शोधायची? निकाहनाम्यात मेहेरची रक्कम आणि साक्षीदारांची नावं असतात. इनाम आणि वक्फच्या कागदांत पिढ्या असतात. दर्ग्याच्या शिजऱ्यात गुरुपरंपरा असते. अडत्याच्या जुन्या वह्यांत मेलेल्याच्या नावे जमा झालेली रक्कम असते. मोहरममध्ये कोणत्या घराकडे कोणता पीर उचलायचा मान आहे, हे तर गावातली हिंदू माणसंसुद्धा तोंडपाठ सांगतात. इकडे त्या सणाला ‘पीरला पंडुगा’ म्हणतात आणि तो एकट्या मुसलमानांचा नाही.

एक आक्षेप आणि सूचना

आक्षेप मला ठाऊक आहे, आणि तो वजनदार आहे. लोक म्हणतात, साहेब, शब्दाची चिरफाड कशाला? गावातला किराणावाला मराठीत फलक लिहितो तेव्हा त्याच्या मनात एवढंच असतं की मुसलमान शेजाऱ्याला ‘कै.’ लावणं बरं दिसत नाही, त्याला त्याच्या धर्माचा शब्द लावू. आणि कितीतरी मुसलमान घरंच आपल्या फ्लेक्सवर ‘पैगंबरवासी’ छापतात. मग हरकत कोणाची?

गावातल्या फलकाला माझी हरकत नाही. तिथे तो शब्द शेजाराची भाषा आहे आणि शेजार महत्त्वाचा. पण शब्द निवडता येतात. १९५६ नंतर मराठी बौद्धांनी ‘कै.’ सोडून ‘कालकथित’ हा शब्द रुळवला, कारण स्वर्ग-कैलास त्यांच्या विचारात बसत नव्हता. लिंगायतांचा ‘लिंगैक्य’ आहे. हे शब्द त्या त्या समाजानं आपल्या समजुतीतून घेतले. ‘पैगंबरवासी’ दुसऱ्याच्या साच्यातून आला आणि चिकटला. शिवाय मेलेल्याला काय म्हणावं याची चिंता खुद्द कुरआनात आहे: अल्लाहच्या मार्गात मारल्या गेलेल्यांना मेलेले म्हणू नका, असं सूरह बकराच्या १५४ व्या आयतीत येतं. म्हणजे शब्दाला तिथे किंमत आहे. १८६० मध्ये निर्मलला रामजी गोंडांबरोबर फासावर गेलेल्या रोहिल्यांबद्दल आपण ‘हुतात्मा’ लिहितो. त्यात आहुतीची कल्पना आहे. ‘शहीद’ म्हणजे साक्षीदार. गोंड आणि रोहिले एका झाडाशी गेले. दोन्ही शब्द शेजारी शेजारी लिहिले तर कुणाचंच काही कमी होत नाही.

म्हणून मंडळाच्या टिपणांसाठी तीन सूचना मांडतो. सांगणाऱ्यानं जो शब्द वापरला असेल, ‘पैगंबरवासी’सुद्धा, तो त्याच्या तोंडी तसाच ठेवावा, तो पुरावा आहे. आपल्या स्वतःच्या वाक्यात सगळ्यांसाठी ‘निधन’ किंवा ‘वारले’ लिहावं आणि घरच्यांना विचारून मुसलमान माणसाला ‘मरहूम’, बाईला ‘मरहूमा’ लावावं. घरच्यांनी काहीच नको म्हटलं तर काहीच लावू नये. आणि कबरस्तानाच्या नोंदीत ‘लेख नाही’ एवढ्यावर न थांबता कबरींची दिशा, धोंड्यांची ठेवण आणि कोणत्या घराची माणसं कोणत्या बाजूला आहेत हे कबर खोदणाऱ्याला विचारून लिहावं. त्याला ते पाठ असतं, आणि तो गेला की ते कुठेच लिहिलेलं नसतं.